सासूबाईंनी रोममध्ये काय खायचं?

पत्र

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं रोमला चाललोय. मी, नवरा, दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सहा रात्री, मुक्काम व्हॅटिकनजवळ, ओत्ताव्हियानो मेट्रो स्टेशनपाशी. नवऱ्याला सगळं चालतं, अगदी वजडीसुद्धा. मी आणि मुलगी चिकन-मटणापर्यंत. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. दोन वर्षांपूर्वी युरोपातल्याच दुसऱ्या एका शहरात गेलो होतो, तिथे रोज दमून समोर दिसेल त्या हॉटेलात बसायचो. पैसे पाण्यासारखे गेले, जेवण बेचव, आणि सासूबाई आठ दिवस ब्रेड आणि बटाट्याच्या फ्राइजवर राहिल्या. आता म्हणतात, "मी दशम्या आणि मेतकूट घेऊन येते. तुम्ही जा हॉटेलात, मी खोलीवर बसेन." मोबाइलवर चांगल्या हॉटेलांची यादी करायला बसले तर दोनशे नावं झाली, आणि सगळ्यांनाच साडेचार तारे. खरंच चांगलं हॉटेल ओळखायचं कसं?

स. क., नाशिक

उत्तर

स. ताई,

आधी एक विनंती. सासूबाईंना खोलीवर बसू देऊ नका. दशम्या जरूर न्या, विमानात आणि पहिल्या सकाळी त्यांचा मोठा आधार होईल. पण रोम हे पालेभाजी, कडधान्यं आणि लसणाच्या फोडणीवर जीव असलेल्या लोकांचं शहर आहे. सासूबाईंना ते कळायचं तर त्या टेबलावर हव्यात.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण आम्ही अडीच वर्षं रोममध्ये राहिलो, रे दी रोमा मेट्रो स्टेशनच्या मागच्या गल्लीत, आणि त्या काळात माझी आई दोन महिने येऊन राहिली होती. तीही अंडं न खाणारी. पहिल्याच आठवड्यात मी तिला शहर दाखवायला नेलं. दुपारचे चार वाजले, तिचे पाय दुखायला लागले, म्हणून एका प्रसिद्ध चौकातल्या हॉटेलात बसवलं. दारातला माणूस 'नमस्ते, व्हेजिटेरियन' म्हणत खुर्ची ओढून देत होता. आईसमोर भाज्यांचं लझान्या आलं, कडेला उकळतं आणि मध्ये गार. बिलात न मागितलेला ब्रेड होता, पाण्याच्या तीन बाटल्या होत्या आणि वर सर्व्हिस चार्ज. आई एक शब्द बोलली नाही. घरी येऊन तिने दहीभात कालवला आणि म्हणाली, "उद्यापासून मी डबा घेत जाईन." तुमच्या सासूबाईंचं वाक्य वाचताना मला तोच आवाज ऐकू आला.

त्या दिवशी चुकलं काय, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. त्या हॉटेलाला आई पुन्हा कधीच दिसणार नव्हती आणि त्यांना ते माहीत होतं. त्या चौकात रोज हजारो नवे लोक येतात, एकदा जेवतात आणि जातात. तिथे जेवण चांगलं असलं काय, नसलं काय, धंद्यात फरक पडत नाही. आणि आमच्या गल्लीतलं सात-आठ टेबलांचं हॉटेल चालायचं ते त्याच गल्लीतल्या लोकांवर. औषधवाला, शाळेतल्या बाई, समोरच्या इमारतीतले आजोबा, हे सगळे पुढच्या गुरुवारी परत यायला हवेत, नाहीतर कुलूपच. ताई, यादी बाजूला ठेवा. परत येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी रांधणारं हॉटेल शोधा. बाकी सगळ्या खुणा यातूनच निघतात.

पहिली खूण वेळेची. रोमकर दुपारी साधारण साडेबारा ते अडीच जेवतो आणि रात्री आठनंतर. मधल्या वेळात चुलीला विश्रांती असते, दार बंद असतं. संध्याकाळी साडेपाचला गरमागरम पूर्ण जेवण मिळेल असं म्हणणारं हॉटेल कोणासाठी उघडं आहे हे तुम्हीच ओळखा. आपल्याला एक सोय आपसूक आहे: आपणही रात्री आठ-साडेआठलाच जेवणारी माणसं. युरोपच्या उत्तरेकडून आलेल्या प्रवाशांना ही वेळ जड जाते, आपल्याला नाही. मुलीला भूक लागली की सहाच्या सुमाराला कुठल्याही 'पिझ्झा आल ताल्यो'च्या दुकानात शिरा. मोठ्या चौकोनी ट्रेमधला पिझ्झा कात्रीने कापून तोलून देतात. दुकानदार कात्री ठेवून बघतो, तुम्ही हाताने 'थोडं कमी, थोडं जास्त' दाखवायचं. भाव किलोवर किंवा 'एत्तो'वर लिहिलेला असतो, एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे माशाच्या बाबतीत लागेल. नुसत्या टोमॅटोचा 'रोस्सा' आणि बटाट्याच्या पातळ कापांचा 'कोन पाताते' या दोन्हींत सहसा चीजही नसतं. तेवढ्यावर आठपर्यंत सगळे तग धरतात.

दुसरी खूण जागेची. तुमचा मुक्काम व्हॅटिकनजवळ आहे, म्हणजे ज्या भागात फसण्याची शक्यता सर्वात जास्त त्या भागात. पण घाबरू नका, दहा मिनिटं चाललात की चित्र पालटतं. संग्रहालयाच्या भिंतीलगतच्या आणि सेंट पीटर चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जेवायला बसू नका, एवढंच. तुमच्या स्टेशनपासून व्हिया आन्द्रेआ दोरिया हा रस्ता जवळ आहे. तिथे मेर्कातो त्रिओन्फाले आहे, शहरातल्या सर्वात मोठ्या मंडयांपैकी एक. एखाद्या सकाळी सासूबाईंना आधी तिथेच न्या. (रविवारी बंद असते.) जुड्या, वाल-मटारच्या शेंगा, ढिगाने रचलेले आर्टिचोक (मोठ्या कळीसारखी दिसणारी, पानापानांची भाजी), निवडून धुऊन ठेवलेली भाजी बघून त्यांचा अर्धा धीर परत येईल. मंडईत जे ढिगाने दिसतं ते त्या आठवड्यात चांगल्या हॉटेलच्या पाटीवर असतं. ज्या हॉटेलात एप्रिलमध्ये आर्टिचोक आणि ओले वाल नाहीत, पण बारा महिने चालणारा तोच तो 'ग्रिल्ड व्हेजिटेबल'चा थाळा आहे, तिथे मंडईतून काही येत नाही असं समजा.

मेन्यू बाहेर लावलेला असतो, तो उभ्याउभ्या वाचा. सहा भाषा, झेंडे आणि पदार्थांचे फोटो असतील, 'मेनू तुरीस्तिको', म्हणजे पर्यटकांसाठीचा मेन्यू, असं लिहिलं असेल, तर पुढे चला. दाराशी माणूस उभा राहून आत बोलावत असेल तरीही पुढे चला. अशा माणसाला इटालियनमध्ये 'बुत्तादेन्त्रो' म्हणतात, आत ढकलणारा. ज्याचं हॉटेल गल्लीतल्या लोकांनी भरतं त्याला असा माणूस ठेवावा लागत नाही. मेन्यू छोटा असणं चांगलं: चार-सहा पास्ते, तितकेच मांस-माशाचे पदार्थ, चार भाज्या. पिझ्झा, सुशी, बर्गर, पाएया, सगळं एका छताखाली असेल तर फ्रीजर मोठा आहे एवढंच कळतं. इटलीत गोठवलेला माल वापरला असेल तर मेन्यूवर त्या पदार्थापुढे तारांकन करून तळाला बारीक अक्षरात तसं लिहितात. सगळ्या पानावर तारेच तारे दिसले तर मोबाइलवरच्या ताऱ्यांपेक्षा या ताऱ्यांवर विश्वास ठेवा.

आणखी एक बघा. रोमचे स्वतःचे चार पास्ते आहेत: काचो ए पेपे, ग्रीचा, आमात्रिचाना आणि कार्बोनारा. पहिल्यात पेकोरिनो चीज आणि मिरी. ग्रीचात त्यावर ग्वांचाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस. त्यात टोमॅटो आला की आमात्रिचाना, अंडं आलं की कार्बोनारा. चौघं सख्खी भावंडं. मेन्यूवर यांतली दोन-तीन तरी हवीतच. कार्बोनारात 'पान्ना', म्हणजे क्रीम, लिहिलेलं दिसलं तर ते हॉटेल रोमकरासाठी नाही. गुरुवारी न्योक्की (बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे), शुक्रवारी मासे, शनिवारी त्रिप्पा, म्हणजे वजडी, ही रोमची जुनी वहिवाट. पाटीवर 'जोवेदी न्योक्की', गुरुवारी न्योक्की, असं खडूने लिहिलेलं दिसलं की मला अजून बरं वाटतं. आठवड्यातून एक दिवस बंद असण्याची पाटी हीसुद्धा चांगली खूण. माणसं राबतात, म्हणून माणसांना सुट्टी असते. बरेच जण रविवारी रात्री किंवा सोमवारी बंद ठेवतात, त्यामुळे निघण्याआधी तपासा.

'ओस्तेरिया', 'त्रात्तोरिया', 'रिस्तोरान्ते' या नावांत मात्र गुंतू नका. एकेकाळी ओस्तेरिया म्हणजे दारूचा गुत्ता, त्रात्तोरिया म्हणजे घरगुती खानावळ असा फरक होता. आज कोणीही काहीही नाव लावतो.

तुमच्या दोनशे नावांचं काय करायचं? मुक्कामापासून चालत जाता येतील आणि ज्या दिवशी जे बघायचं आहे त्याच्या आसपास असतील अशी दहा ठेवा, बाकी पुसून टाका. त्या दहांची इटालियनमधली मतं तेवढी वाचा, मोबाइलच भाषांतर करून देतो. 'अप्रतिम वातावरण, प्रेमळ वेटर' एवढंच लिहिणाऱ्याला सोडून द्या. 'ग्रीचा चांगली होती, पण आर्टिचोक जरा कडक' असं लिहिणारा माणूस जेवून आलेला असतो आणि त्याला ग्रीचा कशी असावी हे ठाऊक असतं. आजकाल हॉटेलं मेन्यूचे फोटो टाकतात, त्यावर वरच्या खुणा लावून बघा. आणि एक जुना, भरवशाचा मार्ग आहे. स्लो फूड ही इटलीतली चळवळ, १९८६ साली रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्स येत होतं त्याच्या विरोधाच्या काळात उभी राहिलेली. ते १९९० पासून दरवर्षी 'ओस्तेरिए दितालिया' ही मार्गदर्शिका काढतात. झगमगाट नसलेली, स्थानिक माल वापरणारी, परवडणारी हॉटेलं त्यात असतात, आणि त्यांतल्या खास आवडत्यांना गोगलगायीचं चिन्ह असतं. ती इटालियनमध्ये आहे, पण रोमच्या पानांवरची नावं आणि पत्ते वाचायला भाषा लागत नाही.

आता सासूबाई. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पत्राचा जीव इथेच आहे.

इटालियन जेवण पायऱ्यांनी येतं. आन्तीपास्तो म्हणजे सुरुवातीचं हलकं खाणं, मग प्रीमो म्हणजे पास्ता किंवा सूप, मग सेकोन्दो म्हणजे मांस-मासा, आणि बाजूला कोन्तोर्नो म्हणजे भाज्या. सगळ्या पायऱ्या चढायची सक्ती नाही. सासूबाईंसाठी एक प्रीमो आणि दोन कोन्तोर्नी मागवा. बहुतेक भारतीय शाकाहारी मंडळी कोन्तोर्नीचं पान उलटतच नाहीत आणि उपाशी राहतात. 'चिकोरिया रिपास्साता' हे नाव कागदावर लिहून ठेवा: कडवट पालेभाजी उकडून, पिळून, मग ऑलिव्ह तेलात लसूण आणि सुकी मिरची टाकून परतलेली. माझी आई पहिला घास घेऊन म्हणाली होती, "अगं, ही तर आपली भाजी!" शिवाय फाजोलिनी म्हणजे फरसबी, बटाटे, पालक, आणि पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची 'फाजोली'.

शेवटचा एप्रिल म्हणजे आर्टिचोकचा हंगाम संपता संपता आणि ओल्या वालांचा ऐन भर. 'कार्चोफी आल्ला रोमाना' म्हणजे आर्टिचोक लसूण, रानपुदिना आणि तेलात मंद शिजवलेला. 'कार्चोफी आल्ला जुदिया' म्हणजे रोमच्या ज्यू लोकांचा, अख्खा तळून फुलासारखा उघडलेला, पाकळ्या कुरकुरीत. 'व्हिन्यारोला' ही आर्टिचोक, ओले वाल, मटार आणि लेट्यूसची वसंतातली मिसळभाजी. तिच्यात अनेकदा ग्वांचाले घालतात, म्हणून विचारूनच घ्या.

आर्टिचोकवरून आमच्या गल्लीतली गोष्ट सांगते. डब्याची भाषा करून चार दिवस झाले होते. सकाळी अकराला आम्ही भाजी घेऊन परत येत होतो. त्या लहान हॉटेलाचं दार उघडं, आत अजून खुर्च्या टेबलांवर उलट्या, आणि मालकीणबाई दाराजवळच्या टेबलाशी आर्टिचोक निवडत बसलेल्या. बाहेरची पानं उपटायची, मग आखूड सुरी गोल फिरवत कडक भाग तासायचा आणि लगेच लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकायचा. बोटं काळी पडलेली. आई थांबलीच. तिने माझ्याकडे बघून म्हटलं, "केळफूल." केळफूल निवडताना आपली बोटं अशीच काळी होतात, म्हणून हाताला तेल लावतो आणि निवडलेलं ताकाच्या पाण्यात टाकतो. आईने खुणांनी ते सगळं त्या बाईंना सांगितलं, हाताला तेल चोळून दाखवलं. बाई हसल्या, त्यांनी अर्धं लिंबू घेऊन स्वतःच्या बोटांवर घासून दाखवलं. दुपारी एकला आम्ही तिथे जेवलो. आईसाठी टोमॅटोतला रिगातोनी चीजशिवाय आला, चिकोरिया आली आणि न मागता एक आर्टिचोक, देठ वर करून. आईने देठासकट संपवला. पुढचे दीड महिने दर आठवड्याला आम्ही तिथे होतो.

पण काळजी घ्यायच्या जागाही आहेत, आणि त्या तुम्हाला कोणी आपणहून सांगणार नाही. रोमच्या पदार्थांत अँचोव्ही नावाचे बारीक खारे मासे गुपचूप बसलेले असतात. भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांत, 'फ्योरी दी झुक्का'त, मोझारेलाबरोबर हा मासा असतोच असतो. त्याला 'आलीची' किंवा 'आच्चूगे' म्हणतात. सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं, त्याला 'ब्रोदो' म्हणतात. 'सुप्ली' नावाचे भाताचे तळलेले गोळे मुलीला आवडतील, पण मूळ कृतीत आत मांसाचा रस्सा असतो. अंड्याचं म्हणाल, तर सुका पास्ता, म्हणजे स्पागेत्ती, रिगातोनी, बुकातीनी, हा गहू आणि पाण्याचाच. ताजा पास्ता, फेत्तुचीने वगैरे, अंड्याचा. तोन्नारेल्लीतही बहुतेक अंडं असतं आणि काचो ए पेपे अनेकदा त्याच्याबरोबरच देतात. न्योक्कीतही कधीकधी घालतात. तिरामिसूत अंडं, पान्ना कोत्तात जिलेटिन. आइस्क्रीममध्ये फळांचे 'सोर्बेत्तो' प्रकार सहसा निर्धास्त.

आणि चीज. सासूबाई रेनेट पाळत असतील, म्हणजे चीज विरजायला वासराच्या किंवा कोकराच्या पोटातला द्राव चालत नसेल, तर हे आधीच बोलून घ्या. पेकोरिनो रोमानो कोकराच्या रेनेटने आणि पार्मिजानो रेज्जानो वासराच्या रेनेटने बनतं, तो त्यांच्या भौगोलिक मानांकनाचा नियमच आहे. बऱ्याच मोझारेलाचंही तेच. ही माहिती सांगायची की नाही यावर घरोघरी वाद होतात. माझं मत, सांगायची. त्यांच्या व्रताचा निर्णय त्यांनी घ्यायचा, आपण त्यांच्या वतीने गुपचूप घ्यायचा नाही. त्यांना चालणार नसेल तर 'सेन्त्सा फॉर्माज्जो', चीजशिवाय, एवढं म्हणा. टोमॅटोची 'पोमोदोरो', तिखट 'आर्राब्याता', आणि लसूण-तेल-मिरचीची 'आल्यो ओल्यो ए पेपेरोन्चीनो' या तिन्ही चीजशिवाय उत्तम लागतात. आर्राब्याता तर नाशिककरांना घरचीच वाटेल.

नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नका. 'सेन्त्सा कार्ने', मांसाशिवाय, म्हटल्यावर हॅमचे तुकडे टाकून आणलेलं मी पाहिलं आहे, कारण आणणाऱ्याच्या मनात ते मांसात मोडतच नव्हतं. ही ओळ मोबाइलवर इटालियनमध्ये करून घ्या आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: मांस नाही, हॅम आणि ग्वांचाले नाही, मासा नाही, आलीची नाही, ब्रोदो नाही, अंडं नाही. कागद दाखवला की बहुतेक वेटर तो स्वयंपाकघरात घेऊन जातात आणि उत्तर घेऊन येतात. कोणते ॲलर्जीकारक घटक आहेत हे सांगणं युरोपातल्या कायद्याने बंधनकारक असल्यामुळे अंडं आणि मासा यांची माहिती तिथे तयारच असते.

सासूबाईंसाठी आणखी एक जागा: जुनी ज्यू वस्ती, व्हिया देल पोर्तिको दोत्ताव्हिया हा रस्ता. १५५५ मध्ये पोपने ज्यूंना तटबंदीच्या आत कोंडलं ते इथेच. आर्टिचोक आल्ला जुदिया खायला रोमकरही इथे येतात. ज्यू आहारनियमात मांस आणि दूध एकत्र करत नाहीत, त्यामुळे नियम पाळणारी, 'कोशेर' पाटी लावलेली हॉटेलं एक तर मांसाची असतात किंवा दुधाची. दुधाच्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात मांस शिरतच नाही. मासा मात्र असतो, तो विचारून टाळायचा. वेगळ्या भांड्यांचा प्रश्न ज्यांना टोचतो त्यांच्यासाठी याहून निवांत जागा मला रोममध्ये सापडली नाही. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, असतो, तेव्हा ही हॉटेलं बंद. आणि मध्येच हिरवी मिरची, कोथिंबीर किंवा पोहे हवे झाले तर तेर्मिनी स्टेशनजवळच्या एस्क्विलीनोच्या मंडईत आणि आसपासच्या दुकानांत आपल्याकडचं सामान मिळतं.

तुमच्या नवऱ्यासाठी एक दुपार तेस्ताच्चोची ठेवा. मेट्रोने पिरामिदे स्टेशन. इथे १९७५ पर्यंत शहराचा कत्तलखाना होता आणि चांगले तुकडे श्रीमंतांकडे गेल्यावर उरलेलं, 'क्विन्तो क्वार्तो' म्हणजे पाचवा चतकोर, कामगारांच्या घरी शिजायचं. वजडी आवडणाऱ्या माणसाने 'त्रिप्पा आल्ला रोमाना' खाल्लीच पाहिजे: टोमॅटोच्या रश्श्यात, वर पुदिना आणि पेकोरिनो. पण ती गाईची असते हे आधी सांगून ठेवते. शेपटाची 'कोदा आल्ला व्हाच्चिनारा'ही तशीच, आणि 'व्हितेल्लो' म्हणजे वासरू. तुमच्या घरात गोमांस चालत नसेल तर 'आब्बाक्यो', कोवळं कोकरू, मागवा. त्याच्या भाजलेल्या चापा तुम्हाला आणि मुलीलाही आवडतील. जेवणानंतर मोन्ते तेस्ताच्चो बघा. डोंगर दिसतो, पण आहे तो प्राचीन रोमकरांनी टाकलेल्या तेलाच्या रांजणांच्या खापरांचा ढीग, सुमारे ३५ मीटर उंच. त्याच्या पोटात खोदलेल्या काही हॉटेलांत काचेआडून ती खापरं दिसतात.

बिलाचं थोडक्यात. लाझियो प्रांताने २००६ मध्ये 'कोपेर्तो', म्हणजे बसण्याचा आकार, घ्यायला बंदी केली, म्हणून रोममध्ये बिलावर 'पाने', ब्रेड, अशी ओळ येते. ब्रेड नको असेल तर टोपली ठेवतानाच परत करा. माशाचा भाव एत्तोवर असेल तर तो १०० ग्रॅमचा असतो, अख्ख्या माशाचा नाही. आधी वजन आणि रक्कम विचारा. पिण्याचं पाणी हॉटेलात बाटलीतलंच येतं, रस्त्यावर मात्र 'नासोने' नावाचे लोखंडी नळ अखंड वाहतात. पाणी गार आणि पिण्याचं असतं, बाटल्या भरून घ्या. टिपची सक्ती नाही. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, त्याचा राग मानू नका, तिथे टेबल तुमचं असतं. कॉफी काउंटरला उभं राहून घेतली तर स्वस्त, बसून घेतली तर महाग.

तारखा बघा. २५ एप्रिलला मुक्तिदिनाची आणि १ मेला कामगार दिनाची सुट्टी असते. त्या दिवशी रोमकर सहकुटुंब बाहेर जेवतात, आणि काही हॉटेलं बंदही असतात. त्या दोन दुपारी, शनिवारची रात्र आणि रविवारची दुपार आधीच टेबल सांगून ठेवा. लहान हॉटेलं फोनवरच घेतात. तुमच्या मुक्कामाच्या मालकाला सांगा, तो दोन मिनिटांत करून देईल. त्यालाच हेही विचारा, "तुम्ही रविवारी आईला घेऊन कुठे जेवायला जाता?" 'चांगलं हॉटेल कुठलं' असं विचारलंत तर तो पाहुण्यांसाठीचं नाव सांगेल.

पहिल्या संध्याकाळी तुम्ही दमलेल्या असाल. त्या दिवसाचं टेबल नाशिकहूनच ठरवून जा, चालत दहा मिनिटांच्या आतलं, आठचं. सासूबाईंना भिंतीकडची खुर्ची द्या, म्हणजे सगळं हॉटेल दिसेल. बसल्याबसल्या इतरांच्या ऑर्डरची वाट न बघता त्यांच्यासाठी चिकोरिया आणि आर्टिचोक सांगून टाका, आणि चिकोरियावर पिळायला लिंबाची फोड मागा, 'लिमोने' म्हटलं की आणतात. मेतकुटाची डबी पर्समध्ये असू द्या. कदाचित त्या ती तुमच्या मुलीच्या पास्त्यावर भुरभुरतील.

जाऊन आलात की मला नक्की कळवा. विशेषतः आर्टिचोकचं त्या काय म्हणाल्या ते.